राजगड मातीत उतरवताना

(दिवाळीपूर्वी घेतलेल्या किल्ले-बांधणी कार्यशाळेतील व्याख्यान, संपादित)

आज एकाच किल्ल्याबद्दल बोलू, राजगडाबद्दल. निवड मुद्दाम केली आहे. मातीचा ढीग रचून वर चार बुरूज टोचले की त्याला सिंहगड म्हणा नाहीतर प्रतापगड, कोणी हरकत घेत नाही. राजगड तसा जमत नाही. मधोमध बालेकिल्ला (गडाचा सगळ्यात उंच भाग) आणि त्याच्यापासून तीन दिशांना फाकलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या (त्याच्याखालच्या तटबंद सोंडा) दिसल्या नाहीत तर बघणारा ओळखणारच नाही. म्हणून इथे बांधकाम नंतर, आधी डोंगर.

मापाचं आधी ठरवू. पाच बाय सहा फुटांची जागा असेल तर १ : २००० हे प्रमाण सोयीचं पडतं, म्हणजे जमिनीवरचे वीस मीटर तुमच्याकडे एक सेंटिमीटर. पायथ्यापासूनचा सहाशे-सातशे मीटरचा चढ तीस ते पस्तीस सेंटिमीटरांत बसतो. पण याच मापाने सहा मीटर उंचीचा तट जेमतेम तीन मिलिमीटर होईल! तो बोटांनी करता येणार नाही आणि केला तरी दिसणार नाही. म्हणून डोंगर मापात ठेवायचा आणि तट-बुरूज नजरेला पटतील इतके मोठे करायचे, दीड ते दोन सेंटिमीटर. ही सूट सगळ्या बांधकामाला सारखी द्या. एक बुरूज इंचाचा आणि शेजारचा दरवाजा चार इंचांचा, असं झालं की किल्ल्याचं खेळणं होतं.

जमिनीवर रांगोळीने नकाशा काढून घ्या. उत्तर दिशा आधी नक्की करा. पद्मावती वायव्येला, सुवेळा पूर्वेकडे, संजीवनी नैर्ऋत्येला. पद्मावती रुंद आणि सपाट. बाकीच्या दोन्ही लांब, निमुळत्या.

आता डोंगराचं पोट. सगळा डोंगर भरीव मातीचा केला तर दोन त्रास होतात. पाच बाय सहा फुटांत सरासरी अर्धा फूट ओली माती म्हणजे पाऊण टनाच्या आसपास वजन. गच्चीवर किंवा गॅलरीत हे करू नका. दुसरं म्हणजे आतली ओल आठवडाभर निघत नाही, बाहेरचा थर मात्र दोन दिवसांत सुकतो, आणि भेगा पडतात. त्यापेक्षा विटा, दगड, पालथ्या कुंड्या यांचे टप्पे रचा. पुठ्ठ्याची खोकी नकोत, ओल लागली की खोकं बसतं आणि माचीच खाली जाते. विटा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवून मगच वापरा. कोरडी वीट लिंपणातलं पाणी ओढून घेते आणि लिंपण सुकून पोपडे धरतं.

टप्प्यांवर गोणपाट टाकायचं. पातळ चिखलाच्या रबडीत ते पूर्ण बुडवा, हलकं पिळा आणि वरून सोडा. ते पडतानाच त्याला चुण्या पडतात. त्या सरळ करू नका, बोटांनी जरा दाबून ठेवा. वर आलेली चुणी म्हणजे डोंगराची सोंड, दोन चुण्यांमधली खोल जागा म्हणजे घळ. हाताने सोंडा घडवायला गेलात तर त्या सगळ्या सारख्या होतात; कापड ते काम जास्त चांगलं करतं.

लिंपणाच्या मातीसाठी साधारण प्रमाण असं: दोन पाट्या चाळलेली लाल माती, एक पाटी काळी, अर्धी पाटी बारीक वाळू, अर्धी पाटी भाताचं तूस. काळी माती चिकटपणासाठी लागते, पण ती पाण्याने फुगते आणि सुकताना तितकीच आक्रसते, म्हणून ती एकटी कधीच वापरू नये. रात्रभर भिजवा, सकाळी पायांनी तुडवा. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवा. वळी तुटली तर वाळू जास्त झाली, बोटाला चिकटून राहिली तर पाणी किंवा काळी माती जास्त.

पहिला हात दोन सेंटिमीटरांचा. तो अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण माती चिकटणार नाही, इतका सुकू द्या, सावलीत. मग काटकीने ओरखडे काढून दुसरा, अर्ध्या सेंटिमीटरचा हात द्या. भेग दिसली की ओल्या हाताने पुसायची सवय सगळ्यांना असते. त्याने भेग झाकली जाते, बुजत नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच उघडते. भेग पूर्ण उघडू द्या, कडा ओल्या करा आणि तूस घातलेली घट्ट माती आत दाबून भरा.

सह्याद्रीचा डोंगर शंकूसारखा नसतो. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक बसल्यामुळे उभा कडा, मग उताराची पट्टी, पुन्हा कडा, अशी त्याची घडण आहे. दुसरा हात अर्धवट सुकला की जुनी सुरी घेऊन कडे उभे कापा. कापलेली बाजू गुळगुळीत करायची नाही. काळ्या मातीचं पातळ पाणी फिरवलं की कातळाचा रंग येतो, वेगळा रंग लागत नाही.

सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, सुकल्यावर कोरायला गेलात तर अख्खी धार तुटते. माती ओली असतानाच तेल लावलेली पेन्सिल आरपार घाला आणि दुसऱ्या दिवशी फिरवत फिरवत काढा.

तटासाठी माती लाटून पट्ट्या कापा. पट्टी आणि डोंगर दोन्ही सारख्याच ओलीचे हवेत. सुकलेल्या डोंगरावर ओला तट बसवला तर तो आक्रसतो, खालची माती आक्रसत नाही, आणि तट उचकटतो. दोन्हीकडे ओरखडे काढा, मध्ये रबडी लावा, दाबा. बुरूज उभा राहावा म्हणून आत काडी घालतात, तीही याच कारणाने घात करते. माती आवळते, काडी तशीच राहते, बुरूज उभा चिरतो. बुरूज भरीव आणि वर किंचित निमुळता ठेवा. संजीवनीला बाहेरून चिलखती तट आहे, म्हणजे दोन भिंती आणि मध्ये बोळ. बोळ बोटाने नव्हे, आइस्क्रीमच्या काडीने साफ करा. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) खिळ्याच्या टोकाने, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) सगळ्यात शेवटी.

पद्मावती तळ्यात पाणी हवंच असेल तर वाटी बसवा. उघड्या मातीतलं पाणी रात्रीत पोटात उतरतं.

हिरवळीसाठी अळीव. तासभर भिजवलं की त्याला बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते उतारावर धरून राहतं. दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत दोन इंच. आपल्या मापाने ती शंभर मीटर उंचीची झाडं होतात, तेव्हा कात्रीने कापत राहा. पेरा फक्त खालच्या अर्ध्यात. अळिवाला रोज पाणी लागतं आणि तटाला ते चालत नाही. पाणी फवाऱ्याने द्या, तांब्याने नको.

मावळे ठेवा, हरकत नाही. सिंहासन मात्र इथे नको. राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, राजगड त्याच्या आधीची राजधानी.

परतीचा पाऊस आला तर प्लास्टिक अंगावर टाकू नका. चार काठ्यांवर वीतभर उंच ताणा, एक बाजू उघडी ठेवा, आणि पाऊस थांबला की लगेच काढा. आत वाफ कोंडली की तट मऊ पडतो आणि अळीव मुळाशी कुजतं.