बारा अधिक आठ, एकशे अठ्ठावीस

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, मागांची खडखड. आवाज हळूहळू कमी, निवेदन सुरू.)

सोलापूरचा पूर्व भाग. खाली चादरीचा कारखाना, वर कॉम्प्युटर क्लास. या पोराची नुकतीच बारावी झालीय. घरी तेलुगू, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यानं बेरजेचा प्रोग्रॅम लिहिलाय. १२ टाकले, ८ टाकले. उत्तर आलं १२८.

शेजारचा लगेच फिदीफिदी. "काय बे, बेरीज पण येईना?"

बेरीज येते त्याला. पायथॉन ३ मध्ये ‘इनपुट’ जे टाईप होईल ते अक्षरं म्हणूनच हाती देतं, आणि अक्षरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की ती एकापुढे एक चिकटतात. गंमत म्हणजे पायथॉन २ मध्ये ‘इनपुट’नं आकडेच दिले असते आणि उत्तर २० आलं असतं. त्या व्हर्जनचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. जुन्या व्हर्जनवरच्या झेरॉक्सच्या नोट्सना हे कोण सांगणार?

(दृश्य: जॅकार्डचे पुठ्ठे, जवळून.)

खाली जॅकार्डचा, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग चालू आहे. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एखादं भोक चुकलं तर नक्षी बिघडते, पण माग काही थांबत नाही. वरचा प्रोग्रॅमही तसाच, एरर न देता चालला. म्हणून "गूगल कर की" हा सल्ला इथं फुकाचा. काय शोधायचं, तो शब्दच नवख्याकडे नसतो.

मॅडम खुर्ची ओढून बसतात. माऊसला हात लावत नाहीत.

"किती यायला पाहिजे होते?"

"वीस."

"पहिल्या आकड्याला ‘टाईप’ लावून बघ."

‘टाईप’ म्हणजे हाती आलेली गोष्ट कुठल्या प्रकारची, ते सांगणारी आज्ञा. पडद्यावर ‘एसटीआर’.

"हे काय असतं, मॅडम?"

आता प्रश्न नेमका झाला. ‘एसटीआर’ म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ. आकडा हवा तर ‘इंट’ लावायचं, एवढंच त्या सांगतात. पोरगं ‘इंट’ लावतं, पण एकाच आकड्याला. या खेपेस खरीखुरी एरर येते. लाल ओळी बघून स्वारी चक्क खूश! दुसरा ‘इंट’ कुठं लावायचा, ते मग त्याला सांगावं लागत नाही.

"सोप्पं आहे रे" असं मॅडमच्या तोंडून एकदाही येत नाही. धीर द्यायला म्हणतात तसं, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की सोपं असून आपल्याला जमत नाही. अर्थात, सबमिशन दहा मिनिटांवर असेल तर सरळ उत्तर द्यावं. त्या वेळी उलट प्रश्न विचारणं म्हणजे छळच.

मागच्या बाकावरून दुसरा हात वर. "मॅडम, फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची?"

"कशाला पाहिजेत?"

"फोटो वेगळे करायचेत. जेपीजीवाले."

"आणि जेपीईजी असेल तर? चार झाली की."