स्क्रोल सॉ बदलावा की नुसते ब्लेड?

श्रोतेहो, नमस्कार. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, मुलांसाठी लाकडी कोडी अशा नाजूक कामाची हौस असणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिला स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणारी विजेची करवत, स्वस्तातला, १६ इंची घेतलेला असतो, आणि हात बसू लागला की आता मोठे, भारी यंत्र घ्यावे का, हा प्रश्न मनात घोळू लागतो. पैसे मोजण्याआधी एक गोष्ट नीट पारखून घ्यावी, ती म्हणजे आपले काम नेमके कशामुळे अडते आहे.

यंत्राच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी खरे तर ब्लेडच्या असतात. ब्लेड रेघ सोडून एका बाजूला पळते, ही त्यातली नेहमीची. दाते पाडताना पात्याच्या एका अंगाला बारीक कंगोरा राहतो आणि त्या बाजूने ते अधिक कापते, म्हणून फळी किंचित तिरकी धरून पुढे सारावी लागते. महागड्या यंत्रावरही तेच ब्लेड तसेच पळेल. कड काळी पडते ती बहुधा दाते बोथट झाल्यामुळे, आणि प्लायमधला डिंक त्यांना फार लवकर बोथट करतो. फळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून कापले, तर जळणे बरेच कमी होते. कड तिरपी येत असेल, तर दीड इंच जाड तुकड्यात थोडासा काप घ्यावा, यंत्र थांबवून तो तुकडा ब्लेडच्या मागच्या बाजूला न्यावा आणि तो काप ब्लेडवर सरकवून पाहावा. पाते अलगद आत शिरले तर यंत्राचे टेबल ब्लेडशी काटकोनात आहे. अडले तर टेबलाचा स्क्रू सैल करून ते जुळवावे. या परीक्षेला काटकोन तपासायचा गुण्याही लागत नाही. थरथर होत असेल, तर यंत्र जड टेबलाला बोल्टने आवळून पाहावे.

एवढे करूनही काम अडत असेल, तर माझ्या मते यंत्र बदलण्याचे सर्वांत सबळ कारण एकच, आणि ते म्हणजे आतले काप, म्हणजे फळीला भोक पाडून, त्यातून ब्लेड ओवून कापायची जाळीची नक्षी. स्वस्त यंत्रांत पुष्कळदा दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलेच ब्लेड बसते, आणि ते पिनेसकट ओवायचे म्हणजे भोक मोठे पाडावे लागते. बारीक नक्षीत तेवढी जागाच नसते. बिनपिनेचे १ नंबरचे ब्लेड मात्र दीड मिलिमीटरच्या भोकातूनही सहज जाते. जुन्या यंत्राला जोडपट्टी लावून असे ब्लेड बसवता येते, हे खरे. पण दर भोकाला ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, घेऊन स्क्रू सोडा, ब्लेड ओवा, पुन्हा आवळा, ताण द्या, असे चालते. जाळीत ६० भोके असतील आणि प्रत्येकाला दोन मिनिटे लागत असतील, तर कापण्याआधीच दोन तास गेले. बोटाने फिरणारा स्क्रू, पुढच्या बाजूला ताणाची खिटी आणि उचलून धरता येणारा यंत्राचा वरचा हात असलेल्या यंत्रावर हेच काम अर्ध्या तासात होऊ शकते. नावाच्या पाट्या आणि लाकडी प्राण्यांचे आकारच कापणाऱ्याला या सोयीचा फारसा उपयोग नाही, त्याने चांगल्या ब्लेडची डझनाची पाकिटे घ्यावीत.

इंचांच्या मोहात तर पडूच नये. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचे ते अंतर असते, आणि फळी फिरवता येत असेल तर १६ इंची यंत्रावर ३२ इंच व्यासाच्या गोल फळीच्या मध्यापर्यंत पोचता येते. घरगुती देव्हाऱ्याला याहून काय मोठे लागते!

अमेरिकेतल्या भाच्याला एखादे यंत्र आणायला सांगण्याचा विचार असेल, तर दोन आकडे लक्षात असू द्यावेत. डीवॉल्टचे डीडब्ल्यू ७८८ हे तिथले लोकप्रिय २० इंची यंत्र सुमारे २५ किलो भरते, आणि ते १२० व्होल्टवर चालते. आपल्याकडे २३० व्होल्ट. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि सुट्या भागांसाठी पुन्हा भाच्याचीच वाट पाहावी लागेल. त्यापेक्षा इथल्याच दुकानात आपली भोक पाडलेली फळी आणि १ नंबरचे ब्लेड घेऊन जावे, आणि विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या हाताने ते ओवून, आवळून, ताणून पाहावे.