वॉरंटी संपली आणि तेविसाव्या दिवशी लॅपटॉप बंद: बोर्डावर नेमकं काय गेलं?

(टेबलावर लॅपटॉप पालथा, मागचं झाकण काढलेलं. बाहेर पावसाचा आवाज.)

नमस्कार मंडळी. आज भजन नाही, नाटक नाही. आज हा लॅपटॉप.

गेल्या वर्षी १४ जुलैला घेतला. एक लाख बारा हजार रुपये. आमच्या घरात गाडीनंतर एवढी महाग वस्तू दुसरी नाही. वॉरंटी एक वर्षाची. आणि यंदा ६ ऑगस्टला, वॉरंटी संपून तेवीस दिवस झाले असताना, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. चार्जर लावला तरी थंड. पडला नव्हता, पाणी सांडलं नव्हतं. रात्री नीट बंद करून ठेवला होता.

श्रावण सुरू होता. आमच्या गावच्या भजनी सप्ताहाचं रेकॉर्डिंग नुकतंच झालेलं. दिवसरात्र भजन, पाळीपाळीने मेळ येतात, त्यामुळे कॅमेऱ्याची कार्डं भरली की लॅपटॉपवर उतरवायची, कार्डं रिकामी करायची आणि परत देवळात जायचं. म्हणजे सगळं गाणं फक्त ह्या एका मशीनमध्ये. त्यात एका म्हाताऱ्या पखवाजवाल्यांची पहाटेची दीड तासाची साथ आहे. ते आता क्वचितच बसतात. माझं डोकं लॅपटॉपच्या किमतीकडे नंतर गेलं, आधी त्या दीड तासाकडे गेलं.

पणजीला कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही. तीन दिवसांनी अंदाजपत्रक आलं: मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलावा लागेल, चौसष्ट हजार तीनशे रुपये, जुना बोर्ड कंपनीकडे जमा, डेटाची हमी नाही, सही करा. मी विचारलं, "बोर्डावरचं काय गेलंय?" काउंटरवरचा मुलगा भला होता. तो म्हणाला, "मॅडम, चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग शोधून दुरुस्त करणं, आम्ही करत नाही. बोर्ड गेला की बोर्ड बदलतो."

हे वाक्य नीट ऐका. चौसष्ट हजारांचं बिल हातात आलं आणि काय बिघडलं ते कोणी पाहिलेलंच नाही.

सही न करता मशीन परत घेतलं आणि म्हापशाला एका चिप लेव्हल कारागिराकडे गेले. बाजारातल्या गल्लीत जिना चढून छोटीशी खोली. एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर गन, भंगार बोर्डांचे डबे. त्याने आधी चार्जरच्या वायरीत एक बारका मीटर लावला. टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त पाच व्होल्ट देतो, मग लॅपटॉपशी बोलणं झालं की वीस व्होल्टपर्यंत चढतो. मीटर पाचावरच थांबला. "मेन लाइन शॉर्ट असणार," तो म्हणाला. मग बोर्ड सुटा केला, मल्टिमीटरची एक पिन जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या भागाला, दुसरी मुख्य लाइनवर. बीप वाजला. वाजायला नको होता; बीप म्हणजे दोन्ही थेट जोडले गेलेत, तोच शॉर्ट.

आता इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सावकाश सांगते.

शॉर्ट आहे हे कळलं, पण कुठे? त्या एका लाइनवर एकसारखे दिसणारे वीसेक कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे बारके भाग. त्याने बाटलीतून शुद्ध अल्कोहोल बोर्डावर ओतलं. सगळा भाग ओला, चकचकीत. मग पॉवर सप्लायमधून त्या लाइनला एकच व्होल्ट सोडला. जिथून करंट जमिनीत पळतोय तो भाग तापणार आणि तिथलं अल्कोहोल आधी उडणार. "पळयात," म्हणजे बघा, म्हणाला आणि दिवा जवळ आणला. दोन सेकंद. ओल्या बोर्डावर एक ठिपका कोरडा पडला. तिळाएवढा. स्क्रूच्या भोकाजवळ, चार्जिंगच्या खोबणीच्या अगदी शेजारी.

(बोर्डावर बोट ठेवून.) हा, इथे.

हॉट एअरने तो तीळ उचलला. परत मल्टिमीटर लावला. बीप नाही. भंगार बोर्डावरून तसाच एक काढून तिथे बसवला. बाजारात नवा घ्यायला गेलात तर पाच-दहा रुपयांची वस्तू. चार्जर लावला, मीटर पाचावरून विसावर गेला आणि पंख्याने श्वास घेतला. चाळीस मिनिटं, साडेतीन हजार रुपये. ते साडेतीन हजार मी आनंदाने दिले, कारण ते त्या माणसाच्या डोळ्यांचे आणि हातांचे होते.

हा तीळ मेला कसा? त्याला सिरॅमिक कॅपॅसिटर म्हणतात. आत बेरियम टायटनेट नावाच्या सिरॅमिकचे आणि धातूचे पापुद्र्यासारखे शेकडो थर, एकावर एक. सिरॅमिक म्हणजे शेवटी कपबशीची जात. दाब सहन करतं, वाकणं सहन करत नाही. बोर्ड मात्र वाकतो. स्क्रू जास्त आवळला, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला, चार्जर रोज खुपसला आणि उपसला, की बोर्ड केसभर वाकतो. कॅपॅसिटरला केसाएवढी चीर जाते. त्या दिवशी काही होत नाही. मशीन चालतं. मग चिरेत ओल शिरते, वर सतत वीस व्होल्टचा ताण, आणि कधीतरी आतले दोन थर एकमेकांना भिडतात. खेळ खलास.

म्हणजे चीर पहिल्या महिन्यात गेलेली असू शकते आणि मशीन तेराव्या महिन्यात मरतं. वॉरंटी मात्र मेल्याची तारीख बघते, चिरेची नाही.

ओलीचं आपल्याला वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट गोव्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात दमटपणाची मर्यादा दिलेली असते आणि तिथे सहसा एक शब्द असतो: नॉन-कंडेन्सिंग. म्हणजे हवा दमट चालेल, दव धरलेलं चालणार नाही. जुलै-ऑगस्टात आपल्या किनारपट्टीवर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं दव धरतं ते, चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. तुम्ही एसी बावीसवर ठेवून काम केलंत, लॅपटॉप गार झाला, मग एसी बंद करून खिडकी उघडलीत, की फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसा त्याला फुटतो. बाहेरून पुसाल, आतल्या बोर्डाला कोण पुसणार? त्यात समुद्राची खारी हवा. माझ्या बोर्डावर एका कनेक्टरच्या पायाशी हिरवट कड आलेली आहे. एक वर्षात. म्हणून एसीच्या खोलीतून नेताना लॅपटॉप बॅगेत घालून चेन लावा आणि बाहेर गेल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. घाम बॅगेला फुटेल, बोर्डाला नाही.

कंपन्या मुद्दाम तारीख घालून मशीन मारतात असं बरेच जण म्हणतात. मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. स्क्रूच्या भोकाजवळ असला कॅपॅसिटर ठेवू नये, ठेवलाच तर वाकणं सोसणाऱ्या लवचिक टोकांचा घ्यावा, हे इंजिनिअरना माहीत असतं. तसे कॅपॅसिटर बाजारात मिळतात. मग ते न घेण्याचा निर्णय कंपनीचा आणि त्याचे पैसे भरायचे मी. ह्याच गोष्टीवर माझं भांडण आहे.

आणि वॉरंटीची तारीख ही काही दगडावरची रेघ नव्हे. जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं होतं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिप्समध्ये वापरलेला माल कमजोर निघाला आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतो. चिप तापते, निवते, तापते, निवते, आणि आतले सांधे तुटतात, असा तो दोष होता. तेव्हा काही लॅपटॉप कंपन्यांनी ठराविक मॉडेलची वॉरंटी वाढवून दिली. म्हणजे दोष कबूल झाला की तारीख हलते. आता युरोपकडे बघा. युरोपियन संघात नव्या वस्तूत मुळातला दोष निघाला तर विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षं असते. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीजवळ तो दुरुस्तीला किती सोपा आहे ह्याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे वॉरंटी किमान किती असावी हे ग्राहक कायदा सांगत नाही, म्हणून कंपनी एक वर्ष लिहिते आणि आपण ते पंचांगासारखं मानतो.

पण आपला कायदा अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० पासून. त्यात 'दोष' ह्या शब्दाची व्याख्या आहे, आणि ती गुणवत्तेतल्या उणिवेबद्दल बोलते. तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो नाहीतर गुरुग्रामला, तिकडे धावायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. वॉरंटी संपल्यावर लढणं अवघड आहे हेही खरं. दोष मुळातलाच होता हे दाखवण्याचा भार मुख्यतः आपल्यावर येतो. म्हणूनच तो मेलेला कॅपॅसिटर मी टाकला नाही. (काचेची छोटी बाटली दाखवून.) कारागिराकडून लेखी घेतलंय, मायक्रोस्कोपखालचे फोटो आहेत, आणि पणजीचं ते चौसष्ट हजारांचं अंदाजपत्रक आहे. जुना बोर्ड जमा करून टाकला असता तर ह्यातलं काही उरलं नसतं. तुम्हीही सही करण्याआधी विचारा: कुठला भाग गेला, लिहून द्या.

ज्यांची वॉरंटी अजून चालू आहे त्यांनी अकरावा महिना लागला की एक दिवस काढा. सगळ्या खोबण्या, बिजागरी, पंखा, चार्जिंग तपासा. कुठे काही शंका आली तर फोन नको, ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार वॉरंटीत नोंदलेली असली की नंतर कोणी तारीख दाखवली तर हातात कागद असतो.

आणि हे तर आजच करा. मी एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, काढून भावाच्या लॅपटॉपला लावली तेव्हा पडद्यावर निळं पान आलं, रिकव्हरी की मागणारं. अठ्ठेचाळीस अंक. विंडोजच्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते आणि ते कुलूप मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला, डिस्क दुसरीकडे लावली, तर ती रिकव्हरी की मागते. माझी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली. खात्यात जाऊन तुमची बघा, वहीत उतरवून ठेवा. ती नसती सापडली आणि बोर्डही बदलला असता, तर ती पहाटेची पखवाजाची साथ डिस्कवर असूनही कायमची गेली असती. काही लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डालाच डाखलेली असते, तिथे ती सुटी काढताही येत नाही. तसलं मशीन घेताना दहा वेळा विचार करा, माझं स्पष्ट मत आहे.

२४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी तिथे मॅन्युअल, सुट्या भागांची आणि दुरुस्ती केंद्रांची माहिती द्यावी असा हेतू. हेतू चांगला आहे, पण सक्ती नाही. मला हवंय ते साधं आहे. बोर्डाची सर्किट आकृती म्हापशाच्या त्या माणसाला अधिकृतपणे मिळावी. आज तो कुठून तरी मिळवलेल्या आकृतीवर, नाहीतर अंदाजावर काम करतो. त्याच्यासारखे कारागीर मडगावात आहेत, फोंड्यात आहेत, आणि ते चाळीस मिनिटांत जे करतात त्याला कंपनीच्या कागदावर जागाच नाही.

ग्राहक कायद्यात एकसारखी तक्रार असलेल्या अनेकांनी आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची सोय आहे. म्हणून विचारते. गोव्यात कोणाचा लॅपटॉप वॉरंटी संपल्यावर सहा महिन्यांच्या आत बंद पडला असेल तर मला चार गोष्टी कळवा: मॉडेल, खरेदीची तारीख, बंद पडल्याची तारीख आणि अंदाजपत्रकाचा आकडा. नाव-पत्ता जाहीर लिहू नका. एकाच मॉडेलचे पाच-सहा जण जरी निघाले तरी मी वकिलांकडे कागद घेऊन जाणार आहे.

आणि हो, सप्ताहाचं भजन पुढच्या रविवारी टाकते. पखवाजाचा आवाज नीट ऐकायचा तर हेडफोन लावून बसा.