तारखेबाहेरचा डाग

(दृश्य: विड्या वळणारे हात, जवळून)

सोलापूरचा पूर्व भाग. घरात तेलुगू, दारात मराठी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेंदूपान. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं. हजार विड्या भरेपर्यंत मान वर होत नाही. कारखान्यात त्या तपासून घेतल्या जातात आणि वाईट निघालेली प्रत्येक विडी मजुरीला झळ लावते. विडी न् विडी मोजणारा हा हिशेबी संसार.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर)

या कॅलेंडरवरही हिशेबच. दूध, भिशी, गॅसची टाकी. हा गोल पाळीचा. दाते पंचांगाच्या गावात तिथीवार कुणाला शिकवावा लागत नाही. पण दोन पाळ्यांच्या मध्येच कपड्याला डाग लागला, तर त्याची खूण कुणी करत नाही. उष्णता झाली असेल म्हणायचं आणि अंगावर काढायचं.

पाळी 28 व्याच दिवशी यायला हवी असं नाही. 24 ते 38 दिवसांचं अंतर आणि आठ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव, हे नेहमीचंच. अधल्यामधल्या डागाचंही दर वेळी भय नसतं. पाळीचक्राच्या साधारण मध्यावर बीज बाहेर पडतं, तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक थोडं उतरतं आणि काहींना दिवसभर गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळी नवी असली किंवा घ्यायची राहिली, तांबी बसवली, दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सुरू केलं, तरी सुरुवातीचे काही महिने असं होतं. थायरॉइड, पीसीओडी म्हणजे बीजकोशांचा विकार, जंतुसंसर्ग, गर्भाशयातली गाठ किंवा पॉलिप म्हणजे मऊ वाढ, हीही कारणं असतात. दिवस गेले आहेत का, हे मात्र आधी पाहायचं. डागासोबत ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आणि चक्कर आली, तर रिक्षा करा आणि थेट सिव्हिल गाठा.

संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग लागला, तर एकदाच झालं म्हणून सोडून देऊ नका. तो कर्करोगाचाही इशारा असू शकतो.

(दृश्य: बार्शीचा रस्ता)

हा रस्ता बार्शीला जातो. मोठ्या शहरांनी शिकवायचं आणि खेड्यांनी ऐकायचं, असा आपला समज. इथे उलटं घडलं. 1987 साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी भागात सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता माणसं गावोगाव फिरली, लक्षणं समजावत राहिली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. 2009 साली निष्कर्ष आले. ज्या गटाला एकदा एचपीव्ही चाचणी, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणारी चाचणी, देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू चाचणी न दिलेल्या गटापेक्षा सुमारे निम्मे होते. जगभरच्या डॉक्टरांनी हा अभ्यास वाचला. आपल्या गल्लीत किती जणींना तो ठाऊक आहे?

(दृश्य: प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर सराव करणाऱ्या नर्स)

ही दुसरी, स्वस्तातली चाचणी. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावतात आणि मिनिटभर थांबतात. पांढरा चट्टा उमटला तर पुढची तपासणी. सरकारी कार्यक्रमात ती 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी आहे. खऱ्या तपासणीच्या खोलीत कॅमेरा नेला नाही, नेऊही नये.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. या चाचण्या काही त्रास नसलेल्यांसाठी आहेत. डाग लागत असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही, आणि शिबिरात चाचणी चांगली आली म्हणून गप्पही बसायचं नाही. उशीर झाला तर उपचार अवघड होतात, खर्च वाढतो, जीवही जातो.

आणि कारण न शोधता कुणी पिशवी काढायचाच सल्ला दिला, तर आधी सोनोग्राफी मागा, गर्भाशयमुखाची तपासणी मागा, गरज असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगा. दुसऱ्या डॉक्टरला विचारण्यात कसला अपमान?

(दृश्य: कॅलेंडरवर पेन)

पाळीला गोल, मधल्या डागाला फुली. फुलीशेजारी तीन शब्द पुरे: किती, कसा, कशानंतर. घेत असलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत असू द्या. ओपीडीत डॉक्टर हेच विचारतात, आणि तिथे रांग मोठी असते.