फॅट किती लागली?

(कनिष्ठ महाविद्यालयांतले रसायनशास्त्राचे शिक्षक आणि आयटीआयचे निदेशक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आपल्यापैकी किती जणांच्या घरचं दूध डेअरीला जातं? जरा हात वर करा. निम्म्याहून जास्त आहेत की! आणि वर्गात अनुमापन (टायट्रेशन) शिकवताना ब्युरेटखालच्या फ्लास्कमध्ये दूध किती जणांनी घेतलंय? दोन. मागे एक हात अर्धवट वर आहे, तो अर्धा धरू.

हा जो फरक आहे ना, त्याच्याबद्दलच मला आज बोलायचंय.

आपल्या पाठ्यपुस्तकांची एक ठरलेली रीत आहे. आधी व्याख्या, मग समीकरणं, मग गुणधर्म आणि सगळ्यात शेवटी 'उपयोग'. सल्फ्युरिक आम्लाचे उपयोग सांगा. खतं, रंग, स्फोटकं, बॅटरी. पोरं एका दमात म्हणतात, दोन मार्क पडतात, विषय संपला. हे उपयोग म्हणजे जेवण झाल्यावर दिलेली बडीशेप. मीही सतरा-अठरा वर्षं तीच वाटली.

मग एकदा मला वाटलं की आपण व्यवसायाशी जोडलेलं साहित्य तयार करावं. केलं काय, तर प्रात्यक्षिकाच्या वहीतली ऑक्झॅलिक आम्लाची कृती घेतली, 'ऑक्झॅलिक आम्ल' खोडून 'दूध' लिहिलं आणि वर म्हशीचं चित्र छापलं. मोठ्या हौसेनं ती कार्यपत्रिका गावातल्या दूध संकलन केंद्रावरच्या टेस्टरला, म्हणजे दूध तपासणाऱ्याला, दाखवली. त्यानं ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, "सर, छान आहे. पण हे आम्ही करत नाही." त्याचं बरोबर होतं. गावच्या केंद्रावर आम्लता मोजत बसायला वेळ कुणाला असतो? शंका आली तर परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळतात. फाटलं तर परत. अनुमापन होतं ते पुढे शीतकरण केंद्रावर, नाहीतर प्लँटच्या लॅबमध्ये. म्हशीच्या चित्राखाली मी पाठ्यपुस्तकच ठेवलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे मी पहाटे सहाला त्या केंद्रावर जाऊन बसलो. पत्रिका कशी लिहावी हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, तिथे कळलं.

तिथे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: फॅट किती लागली? गाईच्या दुधाला 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर. त्याच्या खाली गेलं की पैसे कापले. रसायनशास्त्र इथे उपयोगांच्या यादीत बसलेलं नसतं, ते बिलाच्या कागदावर असतं. म्हणून आमच्या पहिल्या पत्रिकेचं पहिलं वाक्य आता असं आहे: 'काल 3.8 लागली, आज 3.3. गाय तीच, वैरण तीच. काय काय झालं असेल?' पुढचं सगळं या वाक्याच्या मागून येतं.

आता फॅट कशी काढतात ते जरा जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्यांनी पाहिलंय त्यांनी माफ करा. लांब मानेची जाड काचेची नळी असते, ब्युटिरोमीटर. तिच्यात आधी 10 मिली सल्फ्युरिक आम्ल. मग नळी तिरकी धरून कडेनं हळूच 10.75 मिली दूध. मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि हलवायचं. नळी हाताला चांगली चटकते. दूध आधी तपकिरी, मग जवळजवळ काळं होतं. मग ती यंत्रात घालून मिनिटाला सुमारे 1100 फेऱ्यांनी चार-पाच मिनिटं फिरवायची, 65 अंशांच्या गरम पाण्यात ठेवायची आणि मानेतल्या पिवळसर थराची उंची वाचायची. त्या थराची उंची म्हणजे फॅटची टक्केवारी. शंभरेक वर्षांहून जुनी पद्धत आहे, स्वित्झर्लंडच्या गेर्बरची, आणि आपल्याकडे अजून चालू आहे.

बारावीचा वर्ग घेऊन गेलो होतो. एक मुलगा मधेच म्हणाला, "सर, हे उलटं करतायत." मी विचारलं, काय उलटं? "तुम्ही सांगता आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. दुधात तर 87 टक्के पाणी असतं. इथे आम्ल आधी आणि दूध वरून."

मी इतकी वर्षं तो नियम फळ्यावर लिहिला होता. आठवड्यातून एकदा तरी या नळ्या पाहत होतो. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची कधी ओळख झाली नव्हती. हा प्रश्न मला पडला नाही, पोराला पडला.

उत्तर टेस्टरच्या हातात होतं. "झपकन ओतून बघा, नळी तोंडावर येईल," तो म्हणाला. दूध कडेनं सोडलं की ते आम्लावर तरंगतं, कारण दुधाची घनता 1.03 च्या आसपास आणि आम्लाची 1.81. दोन थर वेगळे राहतात. मिसळायचं कधी ते आपण ठरवतो, बूच लावून झाल्यावर. आणि तेव्हा निघणारी उष्णता इथे हवीच असते. तिच्यामुळे प्रथिनं विरघळायला मदत होते आणि फॅट पातळ राहते. म्हणजे नियमाच्या पोटात काय आहे? पहिल्या थेंबाची वाफ होऊन आम्ल उडू नये, एवढं. नियम पाठ असलेल्या पोराला हे माहीत नव्हतं. त्याच्या मास्तरलाही हे शब्दांत सांगता येत नव्हतं.

पत्रिकेचं दुसरं पान त्या दिवशी तयार झालं. त्यात आणखी एक गोष्ट टेस्टरनं घातली. फॅटच्या थराखाली काळे कण दिसले तर आम्ल फार तेज, फॅट करपली. पांढरे कण दिसले तर आम्ल मऊ, प्रथिनं पुरती विरघळली नाहीत. 'तेज' आणि 'मऊ' हे त्याचे शब्द, आम्ही तसेच ठेवले आणि शेजारी 'संहत' आणि 'विरल' लिहिलं. आता गणित आपोआप येतं. कॅनवर 98 टक्के लिहिलंय, कामाला लागतं 90 ते 91 टक्के. 100 ग्रॅम आम्लामागे पाणी किती? 98 ला 0.905 नं भागा, 108.3 येतात, म्हणजे सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास पाणी. आणि हे करताना मात्र आम्लच पाण्यात, थंड भांड्यात, थोडं थोडं. एकाच पानावर नियम दोन्ही बाजूंनी दिसतो. (हे विरलीकरण पोरांच्या हाती देऊ नका. फक्त गणित द्या. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारतंच.)

आता मोलकडे येतो, पदार्थाचं प्रमाण मोजायच्या रसायनशास्त्रातल्या एककाकडे. तुमच्या कपाळावरची आठी मला दिसतेय: हे सगळं ठीक, पण परीक्षेला मोल येतो.

मोलसाठी आम्लतेकडे जायचं, पण शीतकरण केंद्राच्या दारातून. टँकर उभा आहे, दूध घ्यायचं की नाही? 10 मिली दूध, रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब, आणि अल्कली म्हणून डेसिनॉर्मल (लिटरला 0.1 मोल) सोडियम हायड्रॉक्साइड. फिका गुलाबी रंग टिकला, 1.5 मिली लागले. तिथला केमिस्ट 1.5 ला 0.09 नं गुणतो, 0.135 टक्के म्हणतो आणि टँकर आत घेतो. त्याला विचारा 0.09 कुठून आले. आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फॉर्म्युला आहे." मग वर्गात तो आकडा सोडवायचा. 1.5 मिलीत 0.15 मिलिमोल अल्कली. तेवढंच लॅक्टिक आम्ल. त्याचं रेणुवस्तुमान 90, म्हणून 13.5 मिलिग्रॅम. 10 मिलीत एवढं, तर 100 मिलीत 0.135 ग्रॅम. मोल म्हणजे त्या 0.09 च्या पोटात लपलेली गोष्ट. एवढं दिसल्यावर पोरं मोलला घाबरत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण तो कशाला आला हे तरी विचारत नाहीत.

आणि मग एका मुलीनं विचारलं, "दूध आत्ता काढलंय. आंबलंच नाही, तर 0.135 टक्के लॅक्टिक आम्ल आलं कुठून?"

आलेलंच नसतं! ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतं. अल्कली खर्च होते ती केसीन हे दुधातलं प्रथिन, फॉस्फेट, सायट्रेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यावर. दुधाचा सामू (पीएच) 6.6 ते 6.8 आणि फिनॉल्फ्थॅलीनचा रंग येतो 8.3 च्या पुढेमागे. मधलं अंतर चालायला अल्कली लागणारच. आपण फक्त हिशोब लॅक्टिक आम्लाच्या नावानं लिहितो, जसं एकाच्या नावावर घर आणि राहणारे पाच. बफर द्रावणाचा, म्हणजे सामू सहज बदलू न देणाऱ्या द्रावणाचा, धडा मी आजवर अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम अ‍ॅसिटेटनं सुरू करत होतो. आता या प्रश्नानं करतो.

तिसरं पान अर्थातच लबाडीचं. आंबत आलेल्या दुधात कुणी सोडा टाकला तर अनुमापन फसतं, आकडा सोज्वळ येतो. मग रोझोलिक आम्लाची परीक्षा, दूध गुलाबी-लाल झालं की पकडलं. दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरचंही तसंच. पाणी घातलं की दूध हलकं होतं, साय काढली की जड होतं, आणि दोन्ही बेतानं केलं की लॅक्टोमीटर काही बोलत नाही. म्हणून फॅट वेगळी काढावी लागते. या पानावर वर्गात सगळ्यात जास्त आवाज होतो.

हे सगळं मी शोधून काढलं असा कुणाचा समज नको. 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात याच वाटेनं अख्खा अभ्यासक्रम बांधला गेला. त्याला आधार लंडनच्या सॉल्टर्स कंपनीचा, म्हणजे मूळच्या मीठ विकणाऱ्यांच्या जुन्या संघाचा. त्यांचं सूत्र असं: संदर्भ आधी आणि संकल्पना गरज पडेल तेव्हा. आपल्याकडे पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, कामातून विज्ञान शिकायचं म्हणून.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बडोद्याचा कलाभवन. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात 1890 मध्ये सुरू झाला. उभा केला रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. तेव्हा जर्मनीचे कृत्रिम रंग बाजारात येत होते आणि आपल्या रंगाऱ्यांना ते वापरायचे कसे हे ठाऊक नव्हतं. गज्जरांनी रंगाईचं रसायनशास्त्र शिकवायला घेतलं, देशी भाषेत. हेच गज्जर पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात होते. 1896 मध्ये चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते डाग अखेर गज्जरांनी काढले. राजकारणात आपण कुणाच्या बाजूचे हा प्रश्न वेगळा. पण संगमरवराला धक्का न लावता डांबर कसं काढाल, हा प्रश्न वर्गात टाकून बघा. आम्ल कुणी सुचवलं की संगमरवर म्हणजे काय ते आठवून द्यायचं.

आता दुसरी बाजू, नाहीतर माझं बोलणं जाहिरातीसारखं होईल. यॉर्कच्याच संशोधकांनी 2007 मध्ये आठ देशांतले 17 अभ्यास तपासले. संदर्भातून शिकलेल्या मुलांना विज्ञान जास्त आवडतं, हे दिसलं. समज मात्र नेहमीच्या पद्धतीइतकीच निघाली, कमी नाही आणि फार जास्तही नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. आमच्याही पहिल्या वर्षी पोरांना डेअरी पक्की आठवत होती आणि अनुमापनाच्या हिशोबातला तुल्यभार विसरला होता. त्यावर उपाय एकच सापडला: दुधाच्या पत्रिकेनंतर लगेच दुधाचं नाव नसलेला प्रश्न द्यायचा. व्हिनेगरची बाटली, विहिरीचं पाणी, गुऱ्हाळातला रस, काहीही.

गुऱ्हाळावरून आठवलं. ती पत्रिका आमच्या आयटीआयच्या निदेशकांनी केली आणि ती माझ्यापेक्षा चांगली झाली. रसात चुन्याची निवळी का घालतात? उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो आणि तसाच तापवला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, मग ढेप धरत नाही. भेंडीचा चिकट रस मळी कशी वर आणतो? गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी वाजवून बघतो, त्याच वेळी काहिलीत थर्मामीटर धरला तर तो 118 च्या आसपास का असतो? या पत्रिकेची परीक्षा एका गुळव्यानं घेतली. त्यानं एक ओळ खोडायला लावली. कोणती ते सांगत नाही, माझीच होती.

इथे मला आपल्या व्यवस्थेबद्दल एक तक्रार करायचीच आहे. हातानं करायचं ते आयटीआयच्या पोरांना आणि समीकरणं सायन्सच्या पोरांना, अशी वाटणी आपण करून टाकलीय. एओसीपीचा (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट, हा आयटीआयचा अभ्यासक्रम) मुलगा रासायनिक कारखान्यात व्हॉल्व्ह फिरवतो, पण आत काय चाललंय ते त्याला कुणी सांगत नाही. बीएस्सीची मुलगी अभिक्रियांच्या यंत्रणा पाठ करते, पण ड्रमवरचं लेबल तिनं कधी वाचलेलं नसतं. आमच्या पत्रिका दोन्हीकडे एकच आहेत. प्रश्न तेच, शेवटची गणितं कमी-जास्त.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी आली. सध्या आम्ही ज्यावर अडलोय तेवढं सांगतो. त्या केंद्रावर आता ब्युटिरोमीटर कपाटात गेलेत. अल्ट्रासाउंडवर चालणारं यंत्र आलंय, दूध घातलं की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ छापून येतं. आम्लाचा धोका गेला, चांगलंच झालं. पण आमची दोन पानं शिळी झाली. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्यानं भांडून जुनी नळी कपाटातून काढायला लावली. यंत्र म्हणत होतं 3.4, नळीत लागली 3.6. टेस्टरनं मला फोन करून विचारलं, कुणाचं धरायचं? नवी पत्रिका या फोनवरूनच सुरू होते. पहिलं पान झालंय. दुसऱ्यावर यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं, यायला हवं, आणि ते पोरांच्या हातानं कसं करून घ्यायचं ते मला अजून जमलेलं नाही. ज्यांच्या गावात असं यंत्र आहे त्यांनी चहाला माझ्याजवळ या.