एकाच पटावर दोन डाव

शाळेतलं बुद्धिबळ आणि स्पर्धेतलं बुद्धिबळ हे दोन वेगळे खेळ आहेत, असं मी पहिल्यांदाच सांगून टाकतो. सोंगट्या त्याच, चौसष्ट घरंही तीच. पण शाळेत आम्ही तोंडाने खेळायचो. खेळणारे दोघे आणि भोवती सात-आठ सल्लागार. 'घोडा काढ, घोडा काढ' असा गिल्ला चाललेला असायचा आणि ज्याचा घोडा निघायचा तो नेमका मरायचा.

त्या वयातलं सगळं शास्त्र म्हणजे चार चालींची मात. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, मग उंट, मग वजीर, आणि दोघांचा रोख काळ्या राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर. सुरुवातीला त्या घराला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो, हे ज्याला आधी कळलं तो आठवडाभर वर्गाचा जगज्जेता. मग कोणीतरी वजिरासमोर एक प्यादं सरकवायला शिकायचा, लवकर बाहेर पडलेल्या वजिराला सगळ्यांनी मिळून पळवायला शिकायचा, आणि राज्य खालसा. 'आँ पासाँ'वरून तर मारामाऱ्या झाल्या आहेत. दोन घरं चाललेलं प्यादं एकच घर चाललं असं समजून मारायचं, आणि तेही लगेचच्याच चालीत, हा नियम ज्याचं प्यादं जातं त्याला नेहमी बनावट वाटतो.

पहिल्या स्पर्धेत मला दचकवलं ते तिथल्या शांततेने. एवढी मुलं एका दालनात आणि आवाज फक्त घड्याळांचा. आता डिजिटल घड्याळं आली, त्यामुळे तुमच्यातल्या लहानांना ती जुनी दोन तबकड्यांची घड्याळं माहीत नसतील. प्रत्येक तबकडीवर बाराच्या जवळ एक लहानसा लाल झेंडा लोंबत असायचा. मिनिटकाटा तिथे पोचला की झेंड्याला हळूहळू वर उचलायचा, आणि बारावर आला की झेंडा टपकन पडायचा, म्हणजे वेळ संपली. घंटा नाही, काही नाही. शेवटचं एक मिनिट उरलंय की अर्धं, हे त्या काट्याकडे बघून कोणालाही नक्की सांगता येत नसे. बसलेल्या कोनावरून ते बदलायचं. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९८८ साली अर्ज केला, आणि पुढे ती पद्धत सगळीकडे रुळली. आमच्या वेळी गेलेला वेळ गेलाच.

म्हणून चाळीसाव्या चालीच्या आधी हलकल्लोळ व्हायचा. दोन तासांत चाळीस चाली, आणि त्यातल्या शेवटच्या पंधरा दोन मिनिटांत! पाचपेक्षा कमी मिनिटं उरली तर चाली लिहिण्यातून सूट असायची. मग झेंडा पडल्यावर दोघंही चालींची पत्रकं घेऊन बसणार आणि गेलेल्या चाली आठवणार. 'तू आधी शह दिलास की आधी प्यादं मारलंस?' काही क्षणांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन मुलं डोकं डोक्याला लावून लिहिताहेत. मला ते दृश्य फार आवडायचं.

चाली लिहिणं हेही शिकावं लागायचं. जुन्या पुस्तकांत प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूने घरं मोजायचा, त्यामुळे एकाच घराला दोन नावं. १९८१पासून जागतिक संघटनेने ती पद्धत मानणं बंद केलं आणि अक्षर-आकड्यांची पद्धतच उरली. आम्हाला शिकवणारे सांगायचे, आधी चाल लिही, मग पटाकडे पुन्हा एकदा बघ, मग सोंगटीला हात लाव. हात लावला की चालावंच लागतं, त्यामुळे तो सल्ला सोन्यासारखा होता. २००५च्या नियमांनी तो बंद केला. आधी लिहिणं म्हणजे टिपणं काढणं, असा त्यामागचा विचार. मला तो आजही पटलेला नाही, पण नियम नियम आहे.

जोड्या लावायच्या त्या स्विस पद्धतीने. १८९५ साली झुरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली. हरला म्हणून कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. यातून एक गंमत होते. गुण बरोबरीत सुटले की तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती गुण मिळवले ते मोजतात. त्यामुळे शेवटच्या फेरीत आपला डाव लवकर संपला की, काल ज्याने आपल्याला धुतलं त्याच्याच पटामागे उभं राहून तो जिंकावा म्हणून देव पाण्यात घालायचे.

आता तहकूब डावांबद्दल, कारण ती गोष्ट संगणकांनी पार संपवली. ठरलेल्या वेळेत डाव संपला नाही तर तो दुसऱ्या दिवसावर जायचा, आणि ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न खेळता गुपचूप कागदावर लिहायची, दोघांची पत्रकं पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि पंचांकडे द्यायचं. पाकिटावर पटाची स्थिती आणि दोघांचे उरलेले वेळ. लिहिलेली चाल संदिग्ध किंवा बेकायदा निघाली तर डाव गेला. १९७२च्या रेक्याविकमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला शेवटचा, एकविसावा डावही असाच थांबला होता. तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याने चाल पाकिटात बंद केली, पण दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. फोनवरून त्याने हार कळवली आणि फिशर जगज्जेता झाला.

माझा एक तहकूब डाव माझ्या चांगला लक्षात आहे. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. पाकिटात त्याची चाल. ती कुठली हे माहीत नसल्यामुळे सगळ्याच शक्यता बघणं आलं. एका मित्राबरोबर रात्री उशिरापर्यंत पट मांडून बसलो. अशा स्थितीत हार कशी टाळायची हे फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय. समोरच्याच्या प्याद्याच्या पुढची आडवी ओळ आपल्या हत्तीने अडवून धरायची, म्हणजे त्याच्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्याने प्यादंच त्या ओळीवर ढकललं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला लपायला आडोसा उरत नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं, राजाची साधी चाल निघाली. त्याने बराच वेळ इकडेतिकडे केलं, शेवटी प्यादं ढकललं, आणि डाव बरोबरीत सुटला.

खरी मजा पुढे आली. आम्ही बाजूच्या खोलीत तो डाव पहिल्यापासून परत मांडला. मधल्या खेळात वीसेक चाली मी माझ्या राजावर हल्ला होणार म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. तो म्हणाला, 'हल्ला? माझ्या डोक्यातही नव्हता. मला माझ्या कोपऱ्यात अडकलेल्या उंटाची चिंता लागली होती.' मला तो उंट दिसलाच नव्हता! एका पटावर दोघं दोन वेगळे डाव खेळत होतो, आणि दोघांचेही निम्मे कल्पनेतले.

डीप ब्लू या संगणकाने १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. आज खिशातला फोन डीप ब्लूपेक्षा सरस खेळतो. डाव संपला की मुलं कोपऱ्यात जातात, चाली फोनमध्ये भरतात, आणि कोण किती वरचढ आहे हे सांगणारा, उणे एक पॉइंट चार असा आकडा बघून परत येतात. आकडा बरोबरच असतो. त्या स्थितीत काय खेळायला हवं होतं हे इंजिन, म्हणजे फोनमधला बुद्धिबळाचा प्रोग्राम, माझ्यापेक्षा किंवा कोणाही माणसापेक्षा चांगलं सांगेल. पण समोरचा कशाला घाबरला होता, तुमची कुठली चाल त्याला कळलीच नाही, त्याने अर्धा तास कशावर घालवला, हे त्यालाच विचारावं लागतं. आणि पुढच्या फेरीत तुमच्यासमोर माणूसच बसणार आहे.

म्हणून उद्याच्या शालेय स्पर्धेसाठी मी संयोजकांकडे एकच गोष्ट मागून घेतली आहे. खेळाच्या दालनाशेजारच्या खोलीत सोंगट्या लावून पट मांडलेले असतील. डाव संपला की प्रतिस्पर्ध्याला घेऊन तिकडे जा आणि दोघांनी मिळून डाव परत खेळा. तिथे बोलायला परवानगी आहे, भांडायलाही. फोन मात्र दाराशी जमा करायचे, आणि पालकांनीही.