आरसे उतरवलेली गाडी

(दृश्य: पिंपरीतलं पत्र्याचं गॅरेज. स्टँडवर चढवलेली मोटरसायकल. डाव्या बाजूचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच, फुटलेलं.)

ही २०१५ सालची केटीएम आरसी ३९०. डाव्या अंगावर पडलेली आहे, हे कुणी सांगायला नको. फेअरिंगला तडा, क्लचचा लिव्हर अर्धा गायब, फूटरेस्टचं टोक घासून सपाट झालेलं. हिच्या नव्या मालकानं ती मुद्दाम अशीच शोधून घेतली. धडधाकट गाडीला जादा पैसे मोजायचे आणि घरी आणल्याबरोबर तिचे दिवे, आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट काढून पोत्यात भरायचं, हा व्यवहार त्याला पटेना.

हो, पोत्यातच. कारण ही गाडी आता रस्त्यावर धावणार नाही. ती फक्त ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या बंद मार्गावर धावेल.

(दृश्य: चाकणचा रस्ता, कारखान्यांच्या भिंती, ट्रकांची रांग.)

गाडीचं माहेर इथून जवळच, चाकणला. बजाज ऑटोनं २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भांडवल घातलं आणि पुढे कंपनीच्या लहान इंजिनाच्या गाड्या चाकणलाच बनू लागल्या. आरसी ३९० बाजारात आली २०१४ साली. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, आणि ९५०० आरपीएमला ४३ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मोटोअमेरिका मालिकेत पोरासोरांसाठी आरसी कप सुरू झाला, तोही याच गाडीवर. चाकणहून निघालेल्या गाड्या तिकडच्या ट्रॅकवर शर्यती खेळत होत्या आणि इकडे, पुण्यात, तीच गाडी घेतलेला मुलगा रविवारी पहाटे लोणावळ्याच्या घाटात तिची ताकद आजमावत होता.

त्या घाटाबद्दल थोडं बोलायला हवं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. मग उरतात जुना रस्ता, अॅम्बी व्हॅलीकडची वळणं आणि पहाटेची वेळ. समोरून दुधाची गाडी येते, वळणावर कुणीतरी सांडलेली खडी असते, धुक्यात गाय उभी असते. घाटात चुकलं की समोर कठडा असतो, नाहीतर दरी. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि अँब्युलन्स आधीपासून उभी असते. वेगाची हौस फेडायचीच असेल तर ती कुठे फेडावी, याबद्दल या गॅरेजात दुमत नाही.

(दृश्य: मिस्त्री इंजिनाचं हेड उतरवतात.)

गॅरेजचे मिस्त्री यामाहा आरएक्स १०० च्या जमान्यातले. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक. ती १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या गॅरेजांमधून अजूनही गेलेली नाही. तिच्या सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल ये-जा करणारी भोकं, कानशीनं घासून वाढवण्यात मिस्त्रींची उमेदीची वर्षं गेली. सिलिंडर झिजला की बोअर मारायचा, पुढच्या मापाचा पिस्टन टाकायचा. सोपा हिशेब.

या गाडीत तो हिशेब चालत नाही. आतून निकासिलचा कडक थर दिलेला सिलिंडर आहे. हा थर फार चिवट, पण एकदा ओरखडला की लेथवाल्याकडे नेऊन उपयोग नाही. नवीन सिलिंडर घ्या, नाहीतर थर पुन्हा चढवून आणा. म्हणून हेड निघाल्यावर मिस्त्री आधी टॉर्च आत घालतात. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर घासताना मुद्दाम काढलेल्या, तिरप्या रेषा दिसतात का? दिसतात. बोट फिरवून पाहतात, कुठे खाच लागत नाही. चेहऱ्यावर काही येत नाही, पण मालकाला चहा सांगतात. तो समजतो.

पिस्टन ८९ मिलिमीटर रुंद, त्याची धाव ६० मिलिमीटर. साडेनऊ हजार आरपीएमला हा पिस्टन सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा वर जाऊन खाली येतो. शहरात गाडी त्या आकड्यापर्यंत क्वचित पोहोचते, पोहोचली तरी पुढे सिग्नल लागतो. ट्रॅकवर मात्र वीस-वीस मिनिटं काटा वरच्या अर्ध्यात असतो. म्हणून रिंगा नव्या, गॅस्केट नवं, टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर नवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचं अंतर, फिलर गेजच्या पात्यांनी तपासून, जिथे ते कमी भरलं तिथे शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, बदलून घेतली. ऑइल कंपनी सांगते तेच, १५डब्ल्यू-५०. क्लचप्लेट मात्र जळकट निघाल्या. आधीच्या मालकाला सिग्नलवर गाडी उठवायची खोड असावी.

इंजिनाचं एवढंच. ताकद वाढवायचा विषय निघतो, तेव्हा मिस्त्री पाना खाली ठेवतात.

"काका, फुल सिस्टिम सायलेन्सर, ईसीयूचा मॅप, एअर फिल्टर... चार-पाच घोडे वाढतील."

"वाढतील. आणि ते थांबवणार कोण?"

(दृश्य: पुढच्या ब्रेकचं कॅलिपर, जवळून.)

हिला ब्रेक बायब्रेचे, म्हणजे ब्रेम्बोनं लहान गाड्यांसाठी काढलेल्या नावाचे. पुढे ३०० मिलिमीटरची एक डिस्क आणि चार पिस्टनचं कॅलिपर. वाईट अजिबात नाही. अडचण धातूत नसते, ती नळीत भरलेल्या तेलात असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, रबराच्या नळीतूनही. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषलेलं असेल, तर मानकानुसार ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. रोजच्या रस्त्यावर सहसा फरक जाणवत नाही. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत त्याच दोन-तीन वळणांआधी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला जातो, डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही आणि कॅलिपरमधलं तेल उकळतं. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. लिव्हर मऊ पडतो, मग सरळ हँडलला जाऊन टेकतो. तोवर वळण समोर आलेलं असतं.

म्हणून जुनं तेल सगळं बाहेर. ते चहासारखं काळपट निघालं. त्या जागी जास्त तापमान सोसणारं तेल, स्टीलच्या जाळीच्या नळ्या, धातूची पूड दाबून-तापवून केलेले सिंटर्ड पॅड. रबरी नळी गरम झाली की किंचित फुगते आणि बोटांचा थोडा जोर त्या फुगण्यातच जातो. जाळीची नळी फुगत नाही. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या सायलेन्सरपेक्षा बराच कमी. पण सायलेन्सर शेजाऱ्यांना ऐकू जातो, ब्रेक ऑइल कुणाला दिसतही नाही. गॅरेजात येणारे बहुतेक जण आधी सायलेन्सरच मागतात, यात नवल नाही.

(दृश्य: मालक लेदर सूट घालून गाडीवर बसलेला. एक मुलगा मागून गाडी धरतो, मिस्त्री टेपनं मोजतात.)

हा या कामाचा सगळ्यात गमतीदार दिवस. उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, आणि माणूस पूर्ण सूट, बूट, हेल्मेट घालून उभ्या गाडीवर बसलेला. याला सॅग मोजणं म्हणतात. चाक जमिनीवरून उचललेलं असताना पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले दोन दांडे, किती लांब भरतो, आणि रायडर सगळ्या सामानासह बसल्यावर किती दबतो, यातला फरक. ट्रॅकसाठी तो पुढे साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असावा. इथे भरला ४६. म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच फोर्कची तिसऱ्या हिश्शाहून जास्त चाल संपलेली. पुढे जोरात ब्रेक दाबला की फोर्क तळाला जाणार आणि टायरला रस्त्याचे उंचवटे झेलायला जागा उरणार नाही.

यात कंपनीचा दोष नाही. पन्नास किलोच्या मुलापासून मागे पाहुणा बसवलेल्या गृहस्थापर्यंत सगळ्यांना चालेल अशी स्प्रिंग तिला निवडावी लागते. या पिढीच्या फोर्कला बाहेरून फिरवायचा एकही स्क्रू नाही, त्यामुळे उपाय दोनच. रायडरच्या वजनाला जुळेल अशी कडक स्प्रिंग, आणि घट्ट फोर्क ऑइल मोजून भरलेलं. ऑइलची पातळी दोन्ही नळ्यांत सारखी हवी. मिस्त्री ती काचेच्या मोजपात्रानं भरतात, पुन्हा पट्टीनं तपासतात, आणि त्या वेळी गॅरेजात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. मागच्या शॉकअपची स्प्रिंग हुक पान्यानं दोन खाचा चढवली. सॅग पुन्हा मोजला, ३४. सूटमधला माणूस घामानं निथळत होता. त्याला उतरायची परवानगी मिळाली.

(दृश्य: बोल्टच्या डोक्यात बारीक ड्रिल. ड्रिलचा बिट तुटतो.)

आता असं काम, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरचं झाकण, भरायचं टोपण, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्यात आडवं भोक पाडायचं, त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, पीळ द्यायचा आणि ती शेजारच्या पक्क्या जागी बांधायची. तार अशा बाजूनं ओढलेली हवी की बोल्ट ढिला व्हायला गेला तर ती ताणली जाईल, म्हणजे त्याला आवळणाऱ्या दिशेलाच धरून ठेवील. उलटी बांधली तर ती निव्वळ दागिना. भोकं दीड मिलिमीटरची, बोल्ट कडक पोलादाचा, बिट पटापट तुटतात. पण ट्रॅकवर एका गाडीचं ऑइल सांडलं की त्यावरून मागच्या सगळ्या घसरतात. म्हणून तांत्रिक तपासणीत तपासनीस आधी वाकून या तारा बघतो. गाडी किती पळते हे तो विचारत नाही.

याच कारणानं रेडिएटरमधलं हिरवं कूलंटही काढलं. त्यातलं ग्लायकोल डांबरावर सांडलं तर निसरडं होतं आणि लवकर पुसलं जात नाही. त्या जागी डिस्टिल्ड वॉटर. ते गंजापासून वाचवत नाही, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ते बदलायचं, हे मिस्त्रींनी टाकीवर खडूनं लिहून ठेवलंय.

बाकीची कामं भराभर झाली. फायबरचं एकसंध फेअरिंग, खाली सांडलेलं तेल धरून ठेवणारा बंद पोट-भाग. मागची सीट आणि तिचे फूटरेस्ट गेले, साइड स्टँड गेला. पाय उंच आणि मागे घेणारे रिअरसेट बसले. पुढच्या ब्रेक लिव्हरला गार्ड लागला, शेजारच्या गाडीचा धक्का लागून ब्रेक दाबला जाऊ नये म्हणून. एबीएस मालकाला काढून टाकायचा होता. तो राहिला. पहिल्या वर्षी तरी राहावा, असं आमचंही मत.

आणि पुढची चेन-स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १५ दातांऐवजी १४ ची. एक दात कमी केला की प्रत्येक गिअर सुमारे सात टक्के आखूड होतो. वळणातून बाहेर पडताना ओढ वाढते, टोकाचा वेग कमी होतो. एवढीच काय ती ताकदीची चैन मिस्त्रींनी मान्य केली.

(दृश्य: रात्री पिकअप टेम्पोत गाड्या चढवल्या जातात. पट्ट्यांनी फोर्क ताणून बांधतात.)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार अशी फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे ट्रॅकपर्यंत ती सामान म्हणून जाते. जवळचे पर्याय आता वाढलेत. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तळेगाव दाभाड्याजवळ नानोलीला नवा झालाय. पण मालकाला पहिल्यांदा मोठ्या ट्रॅकवरच जायचंय. तिघांनी मिळून टेम्पो केला. पुण्याच्या बायपासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत थेट चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरला पोहोचतो. अकराशेहून जास्त किलोमीटर, आणि हायवे एकच.

(दृश्य: सकाळ. इरुंगाट्टुकोट्टई. पिट लेन.)

हा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक. ३.७ किलोमीटर, १२ वळणं, १९९० पासून सुरू. त्याआधी इथल्या शर्यती शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर. तिथे इंग्लंडहून, सिलोनहूनही रायडर यायचे, असं जुने लोक अभिमानानं सांगतात.

तपासनीस वाकतो, तारा बघतो, लिव्हर दाबतो, मान हलवतो. झेंड्यांचं सांगून होतं. पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही, लाल दिसला की सत्र थांबलं. मग गट सोडतात.

पहिल्या सत्रातून परत येताना मालक हेल्मेटमधूनच बोलायला लागतो. ब्रेक शेवटच्या फेरीत पहिल्या फेरीसारखाच होता. पुढचं चाक वळणात कुठे आहे ते हातांना कळत होतं. मिस्त्री ऐकतात, पण बघतात टायरकडे. रबर कडेपर्यंत सारखं घासलंय का, मागचा फाटतोय का. दाब मोजतात. गरम टायरमध्ये तो वाढलेला असतो, म्हणून मोजणी गाडी थांबल्या थांबल्या.

"आणि गिअर?"

"मधल्या एका डावीकडच्या वळणात इंजिन ओरडायला लागतं, काका. गाडी झुकलेली असताना वरचा गिअर टाकावा लागतो. हलते थोडी."

मिस्त्री पेटी उघडतात. पुण्याहून निघताना १५ दातांची जुनी स्प्रॉकेट त्यांनी फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. पुढच्या सत्राला चाळीस मिनिटं आहेत. मागचं चाक सैल होतं, झाकण उघडतं, चेन उतरते.

"धर हे," मिस्त्री १४ ची काढून त्याच्या हातात देतात. गरम आहे. तो ती एका हातातून दुसऱ्या हातात झेलत राहतो.

"दुपारी वाटलं तर परत घालू. आधी चेनचा ढिलेपणा बघ. तू बस वर, मी मोजतो."